तो वेळ आणि ती वेळ

आज तुमच्याशीं बोलण्यासाठीं मला वीस मिनिटें देण्यांत आलीं आहेत. ज्या खोलींत बसून मी बोलत आहें, तिला खिडकी नाहीं. बाहेर ऊन आहे कीं पाऊस, दिवस उरला आहे कीं दिवेलागण झाली, यांपैकीं कांहींच येथें कळत नाहीं. दिसतें तें समोरच्या भिंतीवरचें एक मोठें घड्याळ आणि त्यावरून न थांबतां फिरणारा सेकंदाचा कांटा. काळाविषयीं दोन शब्द बोलूं इच्छिणाऱ्या माणसाला यापेक्षां अधिक योग्य जागा क्वचितच मिळेल.

परंतु आरंभींच एक गोष्ट कबूल करून टाकतों. काळ म्हणजे काय, या प्रश्नाला मी हात घालणार नाहीं. आपल्याकडील वैशेषिकांनीं काळाची गणना नऊ द्रव्यांत केली. उलट कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें काळ ही बाहेरची वस्तु नसून आपल्याच अनुभवाची एक चौकट आहे, असें प्रतिपादिलें. हा वाद मोठा आहे आणि माझा अधिकार लहान आहे. शिवाय काळ बाहेर असो वा आपल्या बुद्धींत असो, आठ वाजून चार मिनिटांची गाडी चुकावयाची ती चुकतेच. तेव्हां आपल्या वांट्याला आलेल्या काळाचें आपण काय करतों, एवढाच लहानसा प्रश्न आज मी तुमच्यापुढें ठेवणार आहें.

या प्रश्नाकडे जाण्याची वाट आपल्या मराठी भाषेनेंच करून ठेविली आहे. 'वेळ' हा शब्द आपण दिवसांतून शंभरदां उच्चारतों. पण त्याचें एक वैशिष्ट्य सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. हा शब्द दोन लिंगांत चालतो. 'माझा वेळ गेला' असें आपण म्हणतों, आणि 'वेळ निघून गेली' असेंही म्हणतों. पण दोहोंचा अर्थ एक नव्हे. पुल्लिंगी वेळ हा मापाचा आहे. तो फार असतो, थोडा असतो, पुरतो किंवा अपुरा पडतो. स्त्रीलिंगी वेळेला असें माप नाहीं. ती येते, साधावी लागते, टळते आणि चुकते. स्वयंपाकाला वेळ लागतो, पण जेवणाची वेळ होते. प्रवासाला वेळ लागतो, पण गाडीची वेळ असते. शेजाऱ्यासाठीं आपण आपला वेळ काढतों. पण त्याच्यावर वेळ येते. लहान मूलसुद्धां यांत सहसा चुकत नाहीं, आणि व्याकरणाचें पुस्तक जिनें कधीं उघडलें नाहीं ती आजीही चुकत नाहीं. तो वेळ आणि ती वेळ यांतला हा भेद ज्याच्या ध्यानांत राहिला, त्याला काळाच्या सद्व्ययाविषयीं वेगळा उपदेश करण्याची फारशी गरज नाहीं, असें मला वाटतें. आणि ज्यानें या दोहोंची गल्लत केली त्याच्या हातून काय होतें, हें मी शेवटीं माझ्याच एका चुकीवरून सांगणार आहें.

प्रथम तो वेळ घेऊं. म्हणजे मोजण्याचा वेळ. आपल्या पूर्वजांनीं एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या अहोरात्राचे साठ भाग केले व प्रत्येक भागास घटका म्हटलें. आजच्या हिशेबानें घटका म्हणजे २४ मिनिटें. एका घटकेचीं साठ पळें, म्हणजे पळ २४ सेकंदांचें. आणि दोन घटकांचा एक मुहूर्त. घटका मोजण्याचें साधन अगदीं साधें होतें. तांब्याची एक हलकी वाटी घ्यावयाची, तिच्या बुडाला एक बारीक छिद्र ठेवावयाचें आणि ती पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तरंगत सोडावयाची. छिद्रावाटें पाणी हळूहळू आंत शिरे आणि वाटी बुडाली कीं घटका भरली. हें घटिकापात्र आज घरोघरच्या अडगळींतूनही नाहींसें झालें आहे. पण पाहुण्याला आपण अजून 'घटकाभर बसा' असेंच म्हणतों, आणि अत्यवस्थ माणूस अजून शेवटच्या घटकाच मोजतो, मिनिटें मोजीत नाहीं.

या पात्राची एक कथा तुमच्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. सह्याद्रीच्या आश्रयानें राहणारे आपले थोर गणिती भास्कराचार्य हे इ. स. १११४ मध्यें जन्मले. त्यांच्या 'लीलावती' या ग्रंथाचा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारांतील फैजीनें १५८७ मध्यें केला, आणि त्याच्या प्रस्तावनेंत ही कथा येते. मुलीच्या विवाहाला एकच घटका अनुकूल आहे असें गणितानें काढून आचार्यांनीं घटिकापात्र मांडलें. मुलगी कुतूहलानें त्यावर वांकून पाहूं लागली, आणि तिच्या अंगावरील एक मोतीं निसटून पात्रांत पडला व छिद्रावर बसला. पाणी आंत शिरेना, वाटी बुडेना. सारे जण वाट पाहत बसले आणि मुहूर्त निघून गेला. पुढें पित्यानें मुलीचें नांव आपल्या ग्रंथास देऊन तें अमर केलें. ही कथा इतिहास आहे असें मी म्हणत नाहीं. पण ती रचणाऱ्याला एक गोष्ट नीट कळली होती. मोजण्याचें यंत्र अडलें म्हणून काळ अडत नाहीं. आणि यंत्राकडे टक लावून बसलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत ती वेळ निघून जाऊं शकते.

या जुन्या घटकेचा आणखी एक गुण होता. ती सूर्योदयापासून मोजली जाई, आणि सूर्योदय ज्याच्या त्याच्या गांवचा असे. सूर्याला एक रेखांश ओलांडावयास चार मिनिटें लागतात. त्यामुळें कलकत्त्यास माध्यान्ह झाल्यावर सुमारें एक तास दोन मिनिटांनीं ती मुंबईस होते. बैलगाडीनें आणि गलबतानें प्रवास करणाऱ्या लोकांना या फरकाची अडचण कधींच वाटली नाहीं. प्रत्येक गांवाला जसें आपलें ग्रामदैवत होतें, तशीच आपली वेळ होती.

ही स्थिति लोहमार्गानें पालटली. १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली, आणि १८७० मध्यें मुंबई व कलकत्ता हीं शहरें रुळांनीं जोडलीं गेलीं. एकाच रुळावरून दोन गाड्या धावावयाच्या, तर दोन्ही टोंकांच्या स्टेशन-मास्तरांचीं घड्याळें एकच वेळ दाखवीत असलीं पाहिजेत. नाहीं तर अपघात ठरलेला. म्हणून रेल्वेनें मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रास या दोन शहरांच्या मधल्या रेखांशावर होतें, आणि तेथें वेधशाळा होती. मुंबईच्या वेळेपेक्षां मद्रासची वेळ अर्ध्या तासानें पुढें. घरून आपल्या घड्याळाप्रमाणें निघालेला मुंबईकर स्टेशनांत शिरला कीं अर्धा तास हरवून बसे!

१८८१ मध्यें मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांतून मद्रासचीच वेळ पाळावी असा हुकूम काढला. शहरांत मोठा गवगवा झाला. आमच्या डोक्यावर सूर्य केव्हां यावा हें मद्रासनें कां ठरवावें, असा लोकांचा सवाल होता. राजाबाई मनोऱ्याचें बांधकाम १८७८ मध्यें पुरें झालें होतें. प्रेमचंद रायचंद यांनीं मातेच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीमुळें तो उभा राहिला होता. त्या मनोऱ्यावरील घड्याळ कोणत्या वेळेचें असावें, हा विद्यापीठापुढें वादाचा प्रश्न होऊन बसला, आणि विद्यापीठानें मुंबईच्या वेळेचा पक्ष घेतला. अखेर १८८३ मध्यें सरकारनें माघार घेतली.

परंतु ही जीत टिकाऊ नव्हती. १९०६ च्या जानेवारीच्या १ तारखेपासून साऱ्या देशास एकच प्रमाण वेळ लागू झाली. ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास, ही आज आपण पाळतों तीच वेळ. मुंबईचा सूर्य या वेळेच्या ३९ मिनिटें मागें चालतो. बंदर, रेल्वे, तारखातें यांनीं नवी वेळ घेतली. शहराच्या नगरपालिकेनें ती घेऊन पुनः सोडली. आणि पुढें जवळजवळ चार तपें या एका शहरांत दोन वेळा नांदल्या. कोणी बोलावणें केलें, तर जुन्या वेळेनें कीं नव्या, असें विचारून घ्यावें लागे. स्वातंत्र्यानंतर कांहीं वर्षांनीं हा द्वैतवाद संपला. मध्यंतरीं दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, सरकारनें साऱ्या देशाचीं घड्याळें आणखी एक तास पुढें सारलीं होतीं, तें निराळेंच!

आज या हकीकतीचें आपल्याला हंसूं येतें. पण तिच्यांतील एक प्रसंग हंसण्यासारखा नाहीं. १९०६ च्या त्याच जानेवारींत जेकब सासून गिरणींतील कामगारांनीं नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलें व दंगा झाला. सुशिक्षितांना तें अडाणीपणाचें वाटलें असेल. घड्याळाचा कांटा पुढें सरकल्यानें कोणाचें काय गेलें, असें त्यांनीं म्हटलें असेल. पण जरा हिशेब करून पाहा. जानेवारीच्या आरंभीं मुंबईस सूर्य उगवतो तो प्रमाण वेळेप्रमाणें सातनंतर सुमारें बारा मिनिटांनीं. गिरणीचा भोंगा पूर्वीं जुन्या सहाला होत असला आणि आतां नव्या सहाला होऊं लागला, तर तो खरोखर जुन्या पांच वाजून एकवीस मिनिटांनीं झाला. म्हणजे कामकऱ्याच्या बायकोनें चूल पेटवावयाची ती आणखी ३९ मिनिटें आधीं, आणि त्यानें घर सोडावयाचें तें आणखी दाट काळोखांत. ज्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतें, त्यालाच ती ३९ मिनिटें कोणाच्या अंगांतून काढलीं जात आहेत हें बरोबर कळलें होतें.

येथें आपण दुसऱ्या एका प्रश्नापाशीं येतों. वेळ मोजतां येऊं लागला म्हणजे तो विकतां आणि विकत घेतां येऊं लागतो. मग माझा वेळ कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. गिरण्यांच्या आरंभकाळीं काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. सूर्य मावळला कीं निदान काम तरी थांबे. पुढें गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचा तेवढाही आधार राहिला नाहीं. आठवड्यांतून एक दिवस तरी आपला असावा, यासाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं जी खटपट केली तिची आठवण प्रत्येक रविवारीं आपण केली पाहिजे. महात्मा फुल्यांच्या या सहकाऱ्यानें १८८४ मध्यें गिरणी-कामगारांची संघटना उभारली. १८९० च्या एप्रिलमध्यें मुंबईस भरलेल्या कामगारांच्या मोठ्या सभेंत दोन कामकरी स्त्रियाही बोलावयास उभ्या राहिल्या. आणि त्याच वर्षीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. पुढें १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाच्या कामास बारा तासांची मर्यादा पडली. १९२२ मध्यें ती अकरा तासांवर, १९३४ मध्यें दहा तासांवर आणि १९४६ मध्यें नऊ तासांवर आली. हे एकेक तास लिहून वाचायला किती सोपे आहेत! पण बारावरून नवावर येण्यास पस्तीस वर्षें लागलीं. माणसाला मुलाचें तोंड उजेडांत पाहावयास मिळावें, यासाठीं हा झगडा होता.

आतां आपल्या स्वतःच्या घरांत डोकावूं. आपण पांढरपेशी माणसें. आपल्यापैकीं बहुतेकांना सुटीचा दिवस मिळतो. पाण्यासाठीं आडावर जावें लागत नाहीं. दळण गिरणींतून येतें, नाहीं तर पिठाची पिशवीच दुकानांतून येते. वाटण्या-कुटण्याला यंत्र आहे, धुण्याला यंत्र आहे, शिजविण्याला शिट्टीचें भांडें आहे. पूर्वींच्या गृहिणीचा पहाटेचा सारा वेळ जात्यावर जात असे, तो वांचला. मुंबईहून पुण्यास पत्र जाऊन उत्तर येण्यास चार दिवस लागत; आतां खिशांतील यंत्रानें चार पळेंही लागत नाहींत. तेव्हां एवढा वांचविलेला वेळ आपल्याजवळ सांचून राहिला असला पाहिजे. पण कोणासही विचारा. उत्तर एकच, 'वेळ नाहीं!'

हा चमत्कार कसा होतो? मला वाटतें, वेळ म्हणजे पैसा या लाडक्या उपमेनें आपली फसगत केली आहे. पैसा खर्च केला नाहीं, तर तो पेटींत राहतो; वेळ खर्च केला नाहीं, तरी तो खर्च झालेलाच असतो. पैसा उसना घेतां येतो. कालच्या रिकाम्या तासांतला एक तास आजच्या घाईला उसना मिळत नाहीं. श्रीमंताला पैसा अधिक मिळतो, पण त्याच्याही अहोरात्रांत साठच घटका असतात. म्हणून 'वेळ वांचविला' हें म्हणणें अर्धवट आहे. एका कामांतून सुटलेला वेळ दुसऱ्या कोणत्या तरी कामांत त्याच क्षणीं गेलेला असतो. तो कोठें गेला हें आपण पाहिलें नाहीं, तर तो आपोआप सर्वांत सोप्या वाटेनें जातो. पाणी उताराकडे जातें, त्याला कोणी वाट दाखवावी लागत नाहीं. खिशांतील त्या यंत्राच्या उजळ कांचेकडे आपली बोटें वळतात तीं अशींच. मी त्या यंत्राची निंदा करीत नाहीं. माझ्याजवळही तें आहे. पण रात्रीं निजतांना, आज त्याच्यांत काय पाहिलें असें स्वतःला विचारलें, तर मला बहुधा उत्तर देतां येत नाहीं.

आणि घरांतला वेळ सर्वांना सारखा मिळतो, असेंही समजूं नये. भारत सरकारनें २०१९ मध्यें माणसें आपला दिवस कसा घालवितात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचीं ९७, असें तींत आढळून आलें. शिवाय असें काम करणारे पुरुष शंभरांत सव्वीसच! म्हणजे आपण आरामखुर्चींत बसून 'वेळ कसा घालवावा' याचा विचार करतों, त्या वेळीं आपला तो विचार आतल्या खोलींतील कोणाच्या तरी वेळेवर चाललेला असतो. कामगाराच्या तासांना निदान कायद्यानें सीमा घातली; स्वयंपाकघराला भोंगा नाहीं, आणि तेथील रविवार तर इतर वारांपेक्षां जड असतो. काळाच्या सद्व्ययावर व्याख्यान देण्याआधीं माझ्यासारख्यानें उठून चार भांडीं घांसावीं, हें कदाचित् अधिक उपयोगाचें होईल.

मोजण्याच्या वेळाविषयीं एवढें पुरे. मोजण्याची कला आतां पराकोटीस पोंचली आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम या धातूच्या अणूवरून करतात. त्या अणूंतून निघणाऱ्या विशिष्ट किरणांचीं ९,१९,२६,३१,७७० आंदोलनें झालीं कीं एक सेकंद झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत अशा अणु-घड्याळांवर आपली प्रमाण वेळ राखली जाते. पण इतक्या सूक्ष्म मापानेंही एक गोष्ट मोजतां येत नाहीं. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा एक तास आणि लहानपणच्या मित्राशीं गप्पा मारणाऱ्या माणसाचा एक तास, हे घड्याळाच्या दृष्टीनें सारखेच. शाळेंत असतांना उन्हाळ्याची सुटी केवढी लांब वाटे! आणि आतां एक दिवाळी आवरून ठेवावी, तों दुसरीचे कंदील दुकानांत दिसूं लागतात. लहानपणीं दर दिवशीं कांहीं तरी नवें पाहिलेलें असे आणि स्मृति त्या नव्याचीच गणती ठेवी. मोठेपणीं दिवस एकमेकांसारखे होतात, आणि सारख्या दिवसांची घडी घालून स्मृति त्यांना एकाच कप्प्यांत ठेवून देते. वर्षें भराभर जातात असें वाटतें तें यामुळें.

आतां ती वेळ. मीं आरंभीं सांगितलें कीं माझ्या एका चुकीची हकीकत सांगेन. ती सांगण्यास मला संकोच वाटतो. पण तिच्यावांचून हें भाषण म्हणजे नुसतें पुस्तकी पांडित्य होईल.

शाळेंत आम्हांला गणित शिकविणारे एक शिक्षक होते. 'लीलावती'ची कथा मीं प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली. निवृत्त झाल्यावर ते पुण्यांत मुलाकडे राहत असत. उतारवयांत त्यांची दृष्टि गेली. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांचें मला एक कार्ड आलें. अक्षर अर्थातच दुसऱ्याचें होतें. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथ, जो १८९६ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला, त्यांतील कांहीं भाग त्यांना पुनः ऐकावयाचा होता. घरांतील मंडळी प्रेमळ होती. पण त्यांतील गणित वाचून दाखविणें त्यांना जमत नसे. 'एखाद्या रविवारीं घटकाभर येऊन वाचून दाखवशील काय?' एवढेंच त्यांनीं विचारलें होतें.

मीं लगेच उत्तर धाडलें, अवश्य येतों. आणि मग हिशेब करूं लागलों. मुंबईहून जावयाचें, यावयाचें, म्हणजे एक रविवार पुरा गेला. या रविवारीं घरीं पाहुणे आहेत. पुढच्या रविवारीं एक लेख पुरा करावयाचा आहे. त्यापुढच्या रविवारीं पाऊस फार आहे. असे तेरा रविवार गेले. चौदाव्या रविवारीं मी गेलों. वाड्याच्या जिन्यांतच त्यांची सून भेटली. गुरुजींना जाऊन नऊ दिवस झाले होते. तिनें मला बसविलें, चहा दिला, आणि आंतून तें पुस्तक आणून माझ्या हातांत ठेविलें. पानांत एक जुना मोडका कंगवा खूण म्हणून घातलेला होता. ती म्हणाली, "रविवार आला कीं सकाळींच पुस्तक काढून खुर्चीजवळ ठेवायला सांगत. जिन्यावर पाऊल वाजलें कीं विचारीत, तो आला कां? तुम्हांला कामें असतात, हें आम्ही त्यांना सांगत होतों."

तिच्या बोलण्यांत रागाचा लवलेशही नव्हता. घरीं आल्यावर मीं माझी दैनंदिनी काढली आणि त्या तेरा रविवारांचीं पानें पाहिलीं. त्यांतील आठांवर कांहीं ना कांहीं लिहिलेलें होतें. पांच पानें कोरीं होतीं. त्या पांच दिवशीं मीं काय केलें, हें मला तेव्हांही आठवलें नाहीं आणि आजही आठवत नाहीं.

श्रोतेहो, माझ्याजवळ वेळ नव्हता असें म्हणण्याची सोय त्या पांच कोऱ्या पानांनीं ठेविली नाहीं. वेळ होता. मीं त्याचा हिशेबही नीट केला होता; जाण्या-येण्याचे तास मोजले होते. मला कळलें नाहीं तें एवढेंच कीं, त्या कार्डानें माझ्याजवळ पुल्लिंगी वेळ मागितलेला नव्हता. एका वृद्ध माणसाची ती वेळ होती, आणि ती माझ्या दाराशीं येऊन उभी राहिली होती. रविवार पुष्कळ येतात, म्हणून ती वेळही पुनः पुनः येत राहील, असें मीं गृहीत धरलें.

तेव्हांपासून मीं स्वतःला दोन लहानशा संवयी लावून घेतल्या आहेत. उपदेश म्हणून नव्हे, अनुभव म्हणून सांगतों. पहिली अशी कीं, 'वेळ नाहीं' हे शब्द ओंठांवर आले, तर त्यांच्या जागीं 'मला हें तितकें महत्त्वाचें वाटत नाहीं' हे शब्द मनांतल्या मनांत घालून पाहतों. पुष्कळदां ते शब्द खरे असतात, आणि मग नकार देण्यांत मला कमीपणा वाटत नाहीं. सर्वांच्या सर्व मागण्या पुरविणें कोणासही शक्य नाहीं. पण कधीं कधीं ते शब्द उच्चारतांना लाज वाटते, आणि मग मी उठून चप्पल पायांत घालतों. दुसरी संवय अशी कीं, रात्रीं आज किती काम झालें हें मोजून झाल्यावर, आज कोणाची वेळ आपल्या दारावरून परत गेली, असा एक प्रश्न स्वतःला विचारतों. मूल कांहीं दाखवावयास आलें होतें आणि मीं मान वर केली नाहीं. शेजारच्या आजोबांना जिना उतरतांना दोन शब्द बोलावयाचे होते आणि मीं घड्याळाकडे पाहिलें. अशा गोष्टींना फार वेळ लागत नाहीं. घटकेच्या आंत त्या होतात. पण त्या त्याच घटकेंत व्हाव्या लागतात.

कामगारांनीं पिढ्यान्‌पिढ्या झगडून जो वेळ मिळविला, तो कशासाठीं मिळविला हें आपण विसरूं नये. अधिक घड्याळें पाहतां यावीं म्हणून कांहीं त्यांनीं रविवार मागितला नव्हता. मुलाबाळांत बसावें, देवाला जावें, आजाऱ्याची विचारपूस करावी, आलेल्या वेळेला उपयोगी पडावें, यासाठीं त्यांना मोकळा वेळ हवा होता. तो वेळ हातीं असावा तो ती वेळ साधण्यासाठीं. एरव्हीं तो असून नसल्यासारखाच.

समोरचा कांटा आतां विसाव्या मिनिटाकडे सरकत आहे आणि कांचेपलीकडील गृहस्थ मला खूण करीत आहेत. माझा वेळ संपला. तुमच्या घरीं आतां जेवणाची वेळ झाली असेल. पानें वाढलीं गेलीं असतील, तर कोणाला तरी वाट पाहावयास न लावतां उठावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.